शिट्टीचं डोकं आणि नन्नाचा पाढा

ती मेडिकलच्या दुकानात शिरली तेव्हाच चिडलेली होती. त्यामुळे पुढे जे रणकंदन झालं त्याचं सगळं खापर एकट्या केमिस्टच्या माथी फोडता यायचं नाही. केस ओले, डोळ्यांवर काळा चष्मा, अंगाला क्लोरीनचा वास, गळ्यात शिट्टी आणि हातात एक रिकामी हिरवी बाटली. ती बाटली तिनं काउंटरवर अशी आपटली की खोकल्याच्या गोळ्यांची बरणी हलली.

“ही द्या. दोन द्या.”

केमिस्टनं कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. बाटली उचलली. पुढून वाचली, मागून वाचली, मग बुडाशी चिकटवलेला फोन नंबरही वाचला... परीक्षेला बसल्यासारखा.

“ही आमच्याकडे नाही.”

“मग मागवा.”

“मागवणारही नाही.”

“का?”

“कारण असती तरी तुम्हाला दिली नसती.”

“हे औषधांचं दुकान आहे की नन्नाचा पाढा म्हणायची शाळा?”

त्यानं बाटली तिच्याकडे वळवून विचारलं, “दिवसाला किती घेता?”

“दोन कॅप्सूल. डोक्यासाठी. अर्धशिशी आहे मला, सोळाव्या वर्षापासून.”

“किती दिवस घेताय?”

“पाच महिने.”

“अंगाला खाज? थकवा? आणि...” तो जरा अडखळला, “लघवीचा रंग कसा असतो?”

 तिच्या मागे एक आजोबा चिठ्ठी हातात घेऊन ताटकळत उभे होते. ते म्हणाले, “सांगून टाक ना बाई. मलाही उशीर होतोय.”

तिचे कान तापले. चष्म्याआडून डोळे नीट दिसत नव्हते, पण ते काय म्हणत असतील हे केमिस्टला न बघताही कळलं. “तुमच्या घरच्या बायकांना विचारा असले प्रश्न!” असं म्हणून ती तरातरा बाहेर पडली. रस्ता ओलांडला आणि मग तिच्या लक्षात आलं, की बाटली तिकडेच राहिली. परत जाणं शक्यच नव्हतं.

तिला सगळे शिट्टी म्हणत. समोरच्या बंदिस्त तलावात ती मुलांना पोहायला शिकवायची. गळ्यातली शिट्टी आणि तोंडातला आवाज, दोन्ही तलावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचायचे. स्वभावही तसाच, फट म्हणता वाजणारा. पण तिचा राग वरवरचा नव्हता, त्याला कारण होतं.

मागच्या वर्षी मुलांची बॅच पाण्यात असताना तिच्या डोळ्यांपुढे अर्धशिशी उठण्याआधीची ती ओळखीची चमचमती नागमोडी रेघ आली. काचेच्या छपरातून येणारं ऊन पाण्यावर नाचत होतं, आणि बघता बघता तलावाचा डावा अर्धा भाग... नाहीसाच झाला. बारा डोकी असायला हवी होती. तिनं मोजली, नऊ. पुन्हा मोजली, नऊच. ती इतक्या जोरात शिट्टी वाजवत सुटली की सगळी मुलं रडतच बाहेर आली. बाराच्या बारा. कुणाला काही झालं नव्हतं. पण ती तीन डोकी शोधण्यात गेलेले पाच सेकंद तिच्या छातीत कायमचे घर करून बसले. व्यवस्थापकांनी लेखी दिलं, पुन्हा असं झालं तर पाण्याजवळ उभं राहता येणार नाही.

डॉक्टरांच्या गोळ्यांनी झोप यायची. झोपाळू माणसानं मुलं कशी सांभाळायची? तिनं त्या सोडल्या आणि डॉक्टरांकडे जाणंही सोडलं. मग वहिनीनं ही हिरवी बाटली आणली. कुठल्याशा झुडपाच्या मुळाचा अर्क. वहिनी घरातूनच विकायची. महिन्याला आठ वेळा उठणारं डोकं दोनवर आलं. अकरा वर्षांनी पहिल्यांदा कशानं तरी गुण आला होता, आणि हा पांढऱ्या कोटातला, खिशाला पेनाच्या शाईचा डाग पडलेला माणूस म्हणतो, नाही!

तिनं त्याचं नाव ठेवलं, नन्ना.

पण त्या नन्नानं कानात किडा सोडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पाहिलं. रंग बरा नव्हता. थकवा तर होताच, तो तिनं कामाच्या नावावर टाकला होता. आणि खाज? क्लोरीनमुळे असेल... सगळ्यांनाच येते... आठवडाभर तिनं स्वतःची अशी समजूत घातली. आठव्या दिवशी ती रक्त तपासून आली, ती निव्वळ अहवाल त्याच्या तोंडावर फेकायला.

अहवाल तिनं खरंच फेकला. तो खोकल्याच्या गोळ्यांच्या बरणीवर आदळला.

“घ्या. वाचा. खूश व्हा.”

त्यानं वाचलं. लिव्हरचे आकडे असायला हवे त्याच्या तिप्पट होते. तिला वाटलं, आता हा मान हलवेल, ‘मी म्हटलं नव्हतं?’ म्हणेल. ते एक वाक्य तो बोलला असता तर तिनं बरणी उचलून मारली असती. पण तो मागच्या स्टुलावर बसला. चेहरा उतरलेला.

“आजपासून बंद. एकही घ्यायची नाही. आणि डॉक्टरांकडे आजच जायचं. मी डॉक्टर नाही.”

“एवढंच? ‘झाली ना खात्री’ असं नाही म्हणणार?”

“मी का खूश होईन हो?” त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. “माझं डोकं फिरलंय! त्या मुळात लिव्हरला जाळणारा विषारी अंश असतो. तो कारखान्यात काढून टाकावा लागतो. काढला की नाही, याचा त्या बाटलीवर एक शब्द नाही. कंपनीचा पत्ता नाही. आहे काय, तर ‘शंभर टक्के नैसर्गिक’! विषारी अळंबीसुद्धा शंभर टक्के नैसर्गिकच असते!”

दोन गिऱ्हाइकं दारातूनच परत गेली. तो ओशाळला. ती बघत राहिली. माणूस असा दुसऱ्यासाठी चिडलेला तिनं फार दिवसांनी पाहिला होता... आणि तो दुसरा माणूस आपण आहोत, हे तिला रस्ता ओलांडल्यावर कळलं. मग तिला त्याचाही राग आला.

घरी वहिनी जेवणाच्या टेबलावर बाटल्यांच्या बुडाशी आपला फोन नंबर चिकटवत बसली होती. शिट्टीनं अहवाल पुढे ठेवला. वहिनीनं तो वाचला आणि पहिलं वाक्य जे नको होतं तेच बोलली.

“माझ्या बाटलीनंच झालं कशावरून?”

“वहिनी, पाच महिने मी दुसरं काही घेतलंच नाहीये!”

“मी तुझं वाईट चिंतीन? आठ वेळा ओकायचीस, तेव्हा डोकं धरून कोण बसायचं?”

“तूच बसायचीस! म्हणून तर तू दिलंस ते डोळे मिटून गिळलं!”

भांडण एवढं झालं की दादा स्वयंपाकघरातून बाहेर आला, दोघींची तोंडं पाहिली आणि आल्या पावली परत गेला. वहिनीनं रागारागानं कंपनीला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. चौथ्यांदा ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही’ असं ऐकल्यावर ती खुर्चीत मटकन बसली. मग तिनं वही काढली आणि एकेका गिऱ्हाइकाला फोन लावायला घेतले. “घेऊ नका. हो, मीच विकली. चुकलं माझं. रक्त तपासून घ्या...” एकतीस जणांना. दोघी एकमेकींशी मात्र बोलेनात.

डॉक्टरांनी सांगितलं, वेळेत थांबलात, लिव्हर दोन-चार महिन्यांत भरून येईल. तोवर झोप आणणाऱ्या त्या गोळ्याही नकोत. फक्त मॅग्नेशियम आणि बी-टू जीवनसत्त्व, मोठ्या मात्रेत. त्याचा गुण यायला तीन महिने लागतात आणि आला तर येतो.

तीन महिने! आणि इथे बाटली बंद होताच डोकं व्याजासकट परत आलेलं. व्यवस्थापकांनी विचारायच्या आधी तीच त्यांच्या खोलीत गेली. “मला पाण्याजवळ ठेवू नका,” म्हणाली आणि वळून बाहेर आली, कारण पुढचा शब्द उच्चारला असता तर रडू फुटलं असतं. त्यांनी तिला तिकीट खिडकीवर बसवलं. बाहेर तिकिटं फाडताना आतून दुसऱ्याच कुणाची तरी शिट्टी ऐकू यायची.

आता राग काढायला हक्काची जागा एकच होती. दर शनिवारी ती औषधं घ्यायला समोर जायची.

“मॅग्नेशियमनं पोट सैल झालंय.”

“मात्रा विभागून घ्या. जेवणानंतर. डॉक्टरांना फोन करून विचारलंय मी, ते हो म्हणाले.”

“मॅग्नेशियम, बी-टू, ते अजून कुठलं क्यू-टेन का काय, सगळं एकदम घेतलं तर लवकर नाही का बरं वाटणार?”

“नाही.”

“आलंच!”

“एका वेळी एकच वाढवायचं. नाहीतर गुण कशानं आला ते कळणार कसं? आणि त्रास कशानं झाला तेही. रोज लिहून ठेवा, डोकं कधी दुखलं, किती वेळ, आदल्या दिवशी झोप किती.” त्यानं एक छोटी वही पुढे सरकवली. मग खाकरून म्हणाला, “आणि बी-टूनं... रंग अगदी पिवळाधमक होईल. घाबरू नका. तो चालतो.”

“तुम्हाला माझ्या लघवीशिवाय दुसरा विषय सुचत नाही का हो?”

त्याचे कान लाल झाले. “सुचतात... पण ते काउंटरवर बोलण्यासारखे नाहीत.”

ती पटकन वही घेऊन निघाली. रस्त्याच्या मधोमध तिला हसू आलं. पाठीमागून हॉर्न वाजला तेव्हा तिनं त्या गाडीवाल्यावर मनसोक्त ओरडून घेतलं.

पुढच्या आठवड्यात दुपारी, दुकान बंद असायच्या वेळी, तो तिकीट खिडकीसमोर उभा.

“एक द्या.”

“पोहता येतं?”

“नाही.”

“शिकायचंय?”

“पाण्याची भीती वाटते.”

“मग तिकीट कशाला?”

“त्याशिवाय खिडकीसमोर उभं राहता येत नाही. मागे रांग आहे.”

तिनं तिकीट फाडलं, जरा जास्तच हळू. मंगळवारी तो पुन्हा आला. बुधवारीही. आत एकदाही गेला नाही. कधी काचेच्या छपरावर पावसाची सर वाजायची आणि तो तेवढं निमित्त करून पाच मिनिटं जास्त थांबायचा. वहीतले आकडे विचारायचा — आठ, मग सात, मग पुन्हा आठ... ते ऐकून ती कावायची, तो मात्र वैतागायचा नाही. तिला रोज दुपारी तीनची वाट बघायची सवय लागली आणि त्या सवयीचा तिला सगळ्यात जास्त राग यायचा.

आणि मग एका सकाळी वहिनीच्या दारात औषध खात्याची दोन माणसं उभी राहिली. उरलेल्या बाटल्या जप्त केल्या, जबाब लिहून घेतला, शेजारपाजारच्यांनी दारं किलकिली करून सगळं पाहिलं. कुणीतरी बाटलीचा फोटो पाठवून तक्रार केली होती. बुडाच्या नंबरासकट.

वहिनी शिट्टीकडे बघून एवढंच म्हणाली, “तू?”

दुसऱ्या दिवशी शिट्टी नऊला दुकान उघडायच्या आत तिथे हजर होती.

“तुम्ही केलंत?”

त्यानं शटर अर्धं वर उचललं होतं. हात तसाच राहिला. “हो.”

“ती माझी वहिनी आहे! तिनं स्वतः एकतीस जणांना फोन करून चूक कबूल केली. तुम्ही तिला चोरासारखं उभं केलंत! मला एका शब्दानं विचारलंत? रोज खिडकीवर येत होतात, तोंडात मिठाची गुळणी धरून?”

ती वाट बघत राहिली, हा आता ‘पण’ म्हणेल. ‘पण’ लावल्याशिवाय हा कधी बोलतच नाही.

“तक्रार केली त्याची माफी मागणार नाही,” तो म्हणाला. “ती बाटली अजून कितीतरी घरांत असेल. पण तुम्हाला आधी सांगितलं नाही, त्याला काहीही उत्तर नाही. भीती वाटली, तुम्ही येणं बंद कराल म्हणून. चुकलो.”

“बरोबर भीती वाटली,” ती म्हणाली.

पंधरा दिवस ती गेली नाही. औषधं दुसऱ्या दुकानातून आणली. तीन वाजता खिडकीवर आलेल्या प्रत्येकाकडे खाऊ की गिळू अशा नजरेनं बघितलं. तो आला नाही. ‘येऊ नका’ असं तिनं सांगितलेलं नव्हतं... मग आला का नाही? लोकांना नसतं शहाणपण शिकवतो आणि एवढी साधी गोष्ट कळत नाही?

पंधराव्या दिवशी व्यवस्थापकांनी बोलावलं. लिव्हरचे आकडे जागेवर आले होते, डॉक्टरांचं पत्र आलं होतं, वहीत त्या महिन्यात तीनच नोंदी होत्या. सोमवारपासून पुन्हा मुलांची बॅच. सोबत कायम दुसरी प्रशिक्षिका राहील आणि डोळ्यांपुढे रेघ दिसली की शिट्टीनं लगेच बाजूला व्हायचं, या अटीवर. ती अट तिनं स्वतःच घातली असती.

ही बातमी त्याच्या तोंडावर फेकायची म्हणून ती तडक निघाली. रस्ता अर्धा ओलांडला आणि डाव्या बाजूनं नागमोडी चमचम सुरू झाली.

“आज?” ती मोठ्यांदा ओरडली. “आजच?”

तीन म्हणजे शून्य नव्हे, हे तिला माहीत होतं. तरी रागानं डोळ्यांत पाणी आलं. दुकानाचा अर्धा दरवाजा दिसत होता, अर्धा नव्हता. तिनं हात पुढे केला तो काचेला लागायच्या ऐवजी एका हाताला लागला. त्यानं तिला समोरून येताना पाहिलं होतं.

तो एक शब्दही बोलला नाही. दुकानामागच्या साठ्याच्या खोलीत नेलं, खोक्यांमधल्या चटईवर बसवलं, दिवा मालवला, पाणी दिलं. डॉक्टरांनी दुखण्याच्या वेळेसाठी दिलेली गोळी तिच्या पिशवीत होती, ती शोधून हातावर ठेवली. घरी फोन करू का, हेसुद्धा त्यानं फोन दाखवून खुणेनंच विचारलं. तिनं होकाराची मान हलवली, तसा तो बाहेर जाऊन फोन करून आला. पुढचे दोन तास तो दारात पाठमोरा बसून राहिला. गिऱ्हाईक आलं की उठायचा, कुजबुजत बोलायचा, परत येऊन बसायचा.

दुखणं ओसरू लागलं तेव्हा तिनं डोळे मिटूनच विचारलं, “का बोलत नाही?”

“तुम्हाला आवाज सहन होत नाही.”

“आता होतो.” ती उठून भिंतीला टेकून बसली. “मला तुमचा राग येतो.”

“माहीत आहे.”

“काही माहीत नाही तुम्हाला! बाटलीचा राग कधीच गेला. वहिनीचा... अर्धा गेला. आता येतो तो वेगळाच आहे. तुमचं दुकान रविवारी बंद असतं, त्याचा येतो. कुणा बाईला गुडघ्याची गोळी दोनदा समजावून सांगता, त्याचा येतो. आणि मी पंधरा दिवस आले नाही, तर तुम्ही गुमान बसून राहिलात... त्याचा तर फार येतो.”

अंधारात कुठलंसं खोकं पडलं. त्याचा पाय लागला असावा.

“मी पंधरा दिवसांत तीन जणांना चुकीची टूथपेस्ट दिली,” तो म्हणाला. “औषधं नाही, औषधं दोनदा तपासतो. पण टूथपेस्ट... लक्षच नव्हतं. तीन वाजले की तलावाकडे बघत बसायचो. तुम्ही म्हणाल तेव्हाच यायचं, असं ठरवलं होतं. एकदा न विचारता वागून पाहिलं होतं ना.”

तिनं हात पुढे केला. या वेळी आधारासाठी नव्हे. त्यानं तो धरला, इतक्या हळू, जणू हातसुद्धा दुखत असावा.

“जोरात धरा की,” ती म्हणाली. “दुखतंय ते डोकं. हात नाही.”

तेवढ्यात पुढून वहिनीचा आवाज आला. दोघं बाहेर आले. वहिनीनं आधी नणंदेच्या कपाळावर हात ठेवला, पाठीवरून फिरवला. इतक्या दिवसांचा अबोला असा एका हातासरशी संपला. मग ती केमिस्टकडे वळली.

“माझ्या घरी ती माणसं पाठवली, ते तुम्हीच का?”

“हो.”

“भले शाबास. चारचौघांत तमाशा झाला माझा.”

“तक्रार मी पुन्हाही करीन. पण आधी तुमच्याकडे येऊन, तोंडावर सांगायला हवं होतं. ते केलं नाही.”

वहिनी त्याच्याकडे टक लावून पाहत राहिली. तिचा राग काही विझला नव्हता, पण माणूस नजर चुकवत नाही हे तिनं हेरलं होतं. “मग या घरी. मलाही चार शब्द ऐकवायचेत तुम्हाला, आणि ते दुकानात उभ्यानं ऐकवण्यासारखे नाहीत.”

“कधी येऊ?”

त्यानं विचारलं वहिनीला. उत्तर मात्र मागून आलं.

“रविवारी ये,” शिट्टी म्हणाली.

ते ‘ये’ तिघांनाही ऐकू गेलं. केमिस्टनं मोकळ्या हातानं चष्मा काढला, कोटाला पुसला, पुन्हा घातला.

“येतो,” तो म्हणाला. “किती वाजता येऊ... सांग.”

वहिनीनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा नणंदेच्या अजून न सुटलेल्या हाताकडे. पदर खोचावा तशी तिनं पर्स काखेत खोचली.

“म्हणजे आता चार शब्दांत भागायचं नाही,” ती पुटपुटली. “सकाळीच या.”